खरवंडीकर काकांची फिरती शाल

परदेशातल्या आमच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या एकाही मराठी माणसाचा सत्कार व्हायचा राहिलेला नाही. आम्ही फार कर्तबगार आहोत असा त्याचा अर्थ नव्हे. त्याचं कारण खरवंडीकर काका.

काकांच्या गाडीच्या डिकीत बाराही महिने एक शाल, एक नारळ आणि एक हार असे. शाल मरून रंगाची, जरीकाठी. हार कापडी फुलांचा, मशीनमध्ये धुता येणारा. नारळ ओटाराच्या बाजारातून एका सामोअन बाईकडून आणलेला. पण ती मंडळी नारळ खायला घेतात, हातात देऊन फोटो काढायला नाही, त्यामुळे तिथला नारळ तासून गुळगुळीत केलेला असतो. बिनशेंडीचा नारळ सत्काराला कसा चालेल? काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून काथ्याची दोरी आणली, उसवली आणि डिंकानं त्या नारळाला अशी झकास शेंडी बसवली, की ती बघून कोकणातला कुठलाही अस्सल नारळ शरमेनं खाली पडला असता. हा एकच नारळ काकांनी वर्षानुवर्षं वापरला. त्यातलं पाणी कधीच आटलं होतं आणि हलवला की तो खुळखुळ्यासारखा वाजे. शहाण्या माणसानं सत्कार घ्यावा आणि नारळ हलवू नये.

मला काकांनी गाठलं तेव्हा मी दारात गाडी धूत होतो. अर्धी चड्डी, पायात जँडल्स नावाच्या इकडच्या रबरी चपला, हातात पाण्याचा पाइप. दोन घरं पलीकडचा सत्कार उरकून काका आले ते डिकी उघडूनच. मी काही म्हणायच्या आत ओल्या खांद्यावर शाल पडली.

"थोडक्यात सांगतो," काका म्हणाले.

काका नगरच्या एसटी स्टँडवर जन्मभर कंट्रोलर होते. त्यांचं थोडक्यात म्हणजे नगर ते नाशिक, वाटेत दोनदा चहा. आणि आवाज असा, की ते घरात मुलाला हाक मारायचे तेव्हा सोसायटीमागच्या शेतातल्या मेंढ्या सामान उचलून फलाट क्रमांक तीनकडे सरकायच्या. त्या आवाजात त्यांनी भर रस्त्यात जाहीर केलं, की मी कलेचा थोर आश्रयदाता आहे. समोरचा गोरा म्हातारा गवत कापायचं थांबवून टाळ्या वाजवायला लागला. माझी छाती फुगली. ती फुगलेली असतानाच काका हळूच म्हणाले, "आता आश्रय द्यायला सुरुवात करा. दर महिन्याला."

सत्काराला नाही म्हणता येत नाही, आणि एकदा सत्कार झाला की वर्गणीलाही नाही म्हणता येत नाही. ही काकांची पद्धत. जगभर लोक आधी वर्गणी घेतात आणि मग सत्कार करतात. काकांनी एसटीला रिव्हर्स गिअर टाकला.

मी मान डोलावली. काकांनी शाल माझ्या खांद्यावरून काढली, पाणी झटकलं आणि घडी केली.

"शाल नाही ठेवायची?" मी विचारलं.

"एकच आहे. संध्याकाळी डॉक्टर देवधरांना घालायचीय. नारळ द्या इकडे."

आश्रय द्यायचा होता तो हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाला. मानवी हक्कांचं काम करणारी एक छोटी संस्था आणि कलांना मदत करणारा एक ट्रस्ट यांनी मिळून तो चालवला होता. लढाया आणि बोटी मागे टाकून आलेल्या घरांतली पोरं तिथं यायची. आजूबाजूची माओरी आणि सामोअन पोरंही यायची. रंग, कागद, हॉलचं भाडं, सगळं देणगीदारांवर चाले. देणगीदार आटले की वर्ग बंद. आणि हा वर्ग बंद पडू नये यासाठी खरवंडीकर काका जिवाचं रान करत होते.

आता गंमत अशी, की काकांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एकदा मला आंबा काढून दाखवला, तो मी बूट समजून कौतुकानं विचारलं, दुसऱ्या पायाचा कुठाय? रंगांच्या बाबतीत त्यांचं ज्ञान एसटीच्या लाल रंगापाशी सुरू होऊन तिथंच संपे. असा माणूस शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी हाकत जातो, तेही मोटरवेवरून अशा वेगानं की पाठीमागच्या ट्रकवाल्याचं लेकरू तेवढ्यात शाळेत जाऊ लागावं, हे कशासाठी? आम्ही आपले तर्क लढवायचो. देवधरांचं मत, म्हाताऱ्याला निवडणुकीला उभं राहायचंय.

वर्ग चालवणाऱ्या बाईंचं नाव अरोहा. माओरी, उंच, हसली की हॉलभर ऐकू येणारी. काकांनी पहिल्याच महिन्यात तिचा सत्कार केला आणि तिथं घात झाला. खांद्यावर शाल पडताच अरोहाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे मानाच्या माणसाला पिसांचा झगा पांघरतात. त्याहून मोठा मान नाही. तिनं काकांच्या नाकाला नाक टेकवलं, कपाळाला कपाळ टेकवलं, आणि शाल घेऊन घरी गेली.

काका गाडीत बसले ते पंक्चर झालेल्या टायरसारखे.

"मागा ना परत," मी म्हटलं.

"रडली हो ती. रडलेल्या माणसाकडून शाल काढून घ्यायची?"

शालीविना काकांचा धंदाच बसला. नुसता नारळ घेऊन गेले तर लोक म्हणायचे, ठेवा फ्रीजवर, चटणी करू. शेवटी महिनाभरानं काकांनी अरोहाला खरं काय ते सांगितलं, थोडक्यात, म्हणजे तिचा जेवणाचा डबा थंड होईपर्यंत. ती इतकी हसली की भिंतीवरची दोन चित्रं खाली पडली. म्हणाली, "स्वीट ॲज, अंकल, काही बिघडलं नाही. आमच्याकडेही घरात झगा एकच असतो. पदवी मिळाली, लग्न झालं, की ज्याची वेळ असेल त्याच्या खांद्यावर जातो. तो कुणा एकाचा नसतो."

शाल डिकीत परत आली आणि त्या दिवसापासून तिला प्रतिष्ठा आली. आधी आम्ही तिला काकांचा कंजूषपणा म्हणत होतो. आता ती परंपरा झाली.

काकांच्या खटाटोपाचं कारण मला कळलं ते एका शनिवारी दुपारी. त्यांची गाडी बिघडली म्हणून मी त्यांना हेन्डरसनहून घरी सोडलं. त्यांच्या काखेत वर्गातल्या चित्रांची गुंडाळी होती. घर मुलाचं, शिरीषचं. शिरीष हॉस्पिटलात डॉक्टर. घराला इतक्या बाथरूम, की एखादा पाहुणा हात धुवायला गेला तर दिवाळीलाच परत भेटायचा. जेवणाच्या टेबलाशी काकू बसल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, केस घट्ट बांधलेले, हातात लाल पेन्सिल.

"गणपत, किती उशीर? वर्ग सुटायची वेळ झाली," काकू म्हणाल्या.

"बस लेट होती बाई," काका म्हणाले आणि त्यांनी चित्रं टेबलावर ठेवली. त्यावर वजन म्हणून नारळ ठेवला.

मी गणपत कोण म्हणून मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

निर्मलाकाकू नगरच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेलं अर्धं नगर त्यांच्या हाताखालून गेलेलं. इकडे आल्यावर त्यांना विसरण्याचा आजार लागला. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग शिरीषचं नाव गेलं आणि एका सकाळी काका गेले. काका त्यांच्या समोरच चहा ओतत होते, पण गेले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसल्या आणि म्हणाल्या, "गणपत, घंटा दिली का?" गणपत हा त्यांच्या शाळेचा शिपाई.

सगळं गेलं, पण शनिवारी वर्गाचे कागद तपासायचे असतात हे तेवढं राहिलं. कागद आले नाहीत की काकू बेचैन व्हायच्या. येरझाऱ्या घालायच्या, दार उघडून बाहेर पडायच्या. एकदा मोटरवेच्या कडेनं शाळा शोधत निघालेल्या सापडल्या, हातात लाल पेन्सिल. पोलिसांनी घरी आणलं. त्याच आठवड्यात काकांना लायब्ररीत त्या वर्गाची जाहिरात दिसली, देणगीदार पाहिजेत म्हणून. काकांनी फोन करून पहिला प्रश्न विचारला, "देणगी देतो. चित्रं घरी न्यायला मिळतील का?"

म्हणजे देवधरांचा तर्क चुकला. माणूस निवडणुकीला नव्हे, शिपायाच्या जागेवर उभा होता.

अरोहा सुरुवातीला हादरली होती. मुलांच्या अभिव्यक्तीला मार्क द्यायचे नाहीत, हे तर त्यांच्या संस्थेचं ब्रीद. आणि ही कोण कुठली बाई चित्रावर लाल पेन्सिलीनं दहापैकी चार देते? पण पोरांनीच ते मार्क डोक्यावर घेतले. इतके दिवस त्यांनी काहीही काढलं तरी मोठी माणसं मान तिरकी करून ‘ऑसम’ म्हणायची. कुत्र्याला पाच पाय काढले तरी ऑसम. आता कुणीतरी पाय मोजत होतं. पोरं फ्लॅट बुशच्या या अदृश्य मिसला इतकी घाबरायला लागली, की चित्र पुरं झाल्याशिवाय खेळायला उठेनात.

काकूंचे शेरे मराठीत असत. भाषांतर काका करत. तीन ओळींचा शेरा असला तरी काका वाचायचे, "व्हेरी गुड." वर्गात होदान नावाची एक सोमाली मुलगी होती, सगळ्यात गप्प. दर शनिवारी ती पाणीच काढायची. करडं पाणी, त्यात बोटभर होडी. एकदा ती काकांसमोर कागद घेऊन उभी राहिली.

"अंकल, एवढं लांब लिहिलंय. हे सगळं व्हेरी गुड?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहत खरं वाचलं. "पाणी घाबरून काढलं आहेस. घाबर, पण हात मोकळा सोड. पुन्हा काढ. सहा."

होदाननं कागद घेतला. मला वाटलं, आता रडणार. ती जागेवर गेली आणि पुन्हा पाणी काढायला बसली. पुढच्या आठवड्यात तिला सात मिळाले. ते सात तिनं हॉलमधल्या प्रत्येकाला दाखवले, झाडूवाल्यालासुद्धा.

असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं म्हणूनच मला धास्ती वाटायला हवी होती.

मग जगात कुठेतरी बँका बुडाल्या आणि फ्लॅट बुशमधल्या लोकांनी खर्चाला कात्री लावायची ठरवली. माणूस कात्री घेतो तेव्हा ती पहिल्यांदा चित्र कापते. कुणीही मोटरबोट विकली नाही, कुणी घरातली एक बाथरूम कमी केली नाही. वर्गणी मात्र सगळ्यांना आठवली. देवधर म्हणाले, "कलेला आमचा नैतिक पाठिंबा आहेच." नैतिक पाठिंब्यात रंगाची एक ट्यूब येत नाही. ट्रस्टनं हात आखडला, संस्थेनं हात जोडले.

काकांनी पुन्हा डिकी उघडली. ज्यांचे झाले होते त्यांचे दुसऱ्यांदा सत्कार. पण आता लोक सावध झाले होते. काकांची गाडी कोपऱ्यावर दिसली की गल्लीतले पडदे ओळीनं बंद व्हायचे, जणू गल्लीला डुलकी लागली. काका बेल वाजवून उभे राहायचे, हातात घडी घातलेली शाल. आतून टीव्हीचा आवाज यायचा, तोही कमी व्हायचा. मी शपथेवर सांगतो, एका घरातल्या लोकांनी श्वास घेणंसुद्धा थांबवलं होतं. खिडकीची काच जरा आत ओढली गेली.

"मुलगा आहे ना तुमचा डॉक्टर? त्याला सांगा," मी म्हटलं.

"तो देतोच. एकट्यानं हॉल चालत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "शनिवारी काय करू, ते सांगा."

मी पुढच्या घराची बेल दाबली.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवलं. काकांनी शहरातल्या यच्चयावत मराठी माणसाला फोन केला. सगळे म्हणाले, येतो. मराठी माणूस येतो म्हणतो तेव्हा तो फोन ठेवत असतो. हॉलमध्ये काकांनी खुर्च्या मांडल्या, नगर स्टँडवर दिवाळीच्या गर्दीला पुरतील इतक्या. भिंतीवर चित्रं. आम्ही वाट पाहिली. एक गृहस्थ आले, त्यांना बॅडमिंटनचा हॉल हवा होता. काकांनी त्यांनाही बसवून घेतलं. ते रॅकेट मांडीवर घेऊन सभ्यपणे बसले आणि जरा वेळानं सभ्यपणे गेले.

मग काका उठले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून त्यांनी जाहीर केलं की आज या सर्व कलावंतांचा सत्कार आहे. एकेका पोराचं नाव पुकारलं. शाल एकच. एकाला घालायची, हातात नारळ द्यायचा, आम्ही टाळ्या वाजवायच्या, शाल काढून पुढच्याला. दांडगी पोरं, एरवी एक जागी न उभी राहणारी, शालीखाली ताठ उभी राहत होती. अरोहा भिंतीकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती.

होदानची पाळी शेवटी आली. तिनं शाल घेतली, नारळ घेतला, हलवला. तो वाजला. ती हसली नाही.

"अंकल, आता मिस काय तपासणार?"

"थोडक्यात सांगतो," काका म्हणाले.

आणि पुढे काहीच बोलले नाहीत. इतक्या वर्षांत काकांचं पहिलं थोडक्यात.

काही आठवडे पोरं टपालानं चित्रं पाठवत राहिली. पण पोरं ती. एकाला रग्बी लागली, एकाचं घर बदललं. होदानचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. शेवटचं आलं ते तिचं पाणी. काकूंनी त्याला नऊ दिले आणि कागद बराच वेळ हातातून सोडला नाही. त्यानंतर टपालात फक्त पिझ्झाच्या जाहिराती. काकांनी जुनी चित्रं लाल खुणा पुसून पुन्हा ठेवून पाहिली. काकूंनी वरचं उचललं आणि म्हणाल्या, "गणपत, हे तपासलंय. हे पण. मला फसवतोस?" नवऱ्याला विसरलेली बाई चित्र विसरत नव्हती.

परवा शनिवारी दुपारी बायकोनं शेंगदाण्याची पोळी दिली, ती घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. गराजचं दार अर्धं उघडं. आत, शिरीषच्या गाडीच्या जागी, इस्त्रीच्या टेबलावर खरवंडीकर काका वाकून बसले होते. भोवती खडूंचे तुकडे. नाकाला हिरवा रंग. कागदांवर कागद.

"सकाळपासून बसलोय. वर्ग मोठा आहे," मान वर न करता काका म्हणाले.

मी चित्रं पाहिली. एक बूट होता, म्हणजे आंबा असावा. एक डोंगर होता. पावाच्या लादीला चाकं लावलेली होती, ती एसटी. तेवढी लाल मात्र अगदी बरोबर होती. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वेगवेगळं नाव, वेगवेगळ्या वळणाचं, काही मुद्दाम वेडंवाकडं. पोट धरून हसावं अशी चित्रं. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

काकांनी कागद सारखे केले, काखेत घेतले आणि आतल्या दाराशी जाऊन केस नीट केले. मग आत गेले. मी मागोमाग.

काकू टेबलाशी होत्या. शाल त्यांच्या मांडीवर पांघरलेली.

"उशीर झाला, गणपत."

"बस लेट होती बाई."

काकूंनी पेन्सिल उचलली. पहिलं चित्र पाहिलं, दोन. दुसरं पाहिलं, दोन. एसटीला अडीच. काका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हात मागं बांधून उभे होते. चार-सहा चित्रं झाल्यावर काकूंचा हात थांबला. त्यांनी सगळे कागद पत्त्यांसारखे पसरले, जवळून पाहिले, लांब धरून पाहिले.

"गणपत, ही सगळी एकाच मुलानं काढलीयत."

काकांनी नाकावरचा हिरवा रंग पुसला.

"नावं निराळी घातलीत, पण हात एकच आहे. मला कळत नाही का? कोण आहे हा मुलगा?"

"नवीन आहे, बाई," काका म्हणाले. आवाज नगर स्टँडचा नव्हता. मला पलीकडे उभं राहून जेमतेम ऐकू आला. "त्याला येत नाही काही. रागावू नका."

"रागावत नाही रे." काकू अजून चित्रं पाहत होत्या. "हात जड आहे. मेहनत करतो पण. आणि बघ, डोंगर आहे, आंबा आहे, गाडी आहे, एका चित्रात माणूस नाही. गाडीतसुद्धा कुणी बसलेलं नाही." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकटा बसत असेल वर्गात. मागं कुठेतरी. त्याला पुढच्या बाकावर घे, गणपत. माझ्यासमोर."

"घेतो, बाई," काका म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि काकूंच्या समोर बसले. काकूंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.